विजळ, मी अजून जळतोय

'हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांच्या मदतीला धावणारा' असलं काही वाचायला मिळेल म्हणून कोणी रुमाल काढून बसलं असेल, तर रुमाल परत खिशात घाला. विजय मदतीला धावायचा नाही. हाक मारली तर आधी विचारायचा, "उठावं लागेल का?" मनमिळाऊ म्हणाल तर पिझ्झ्याच्या कडेचा कुरकुरीत तुकडा कोणी उचलला की त्याचं मन कोणाशीच मिळायचं नाही. आणि 'त्याच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली' हेही मी लिहिणार नाही. कसली पोकळी? जिकडे जावं तिकडे तोच. शहाद्यात माझ्यासारख्या जिवंत माणसाला उभं राहायला जागा नाही.

बसस्टँडवर तुझा बॅनर लागलाय, विजळ. आख्खा दहा फुटी. मी एवढ्या नकला केल्या, एवढे गणपती गाजवले, माझं नाव कधी कार्डावर नीट छापलं नाही कोणी. आणि तू नुसता गेलास तर दहा फूट! त्या फोटोत तुझ्या खांद्यावर एक हात दिसतो. मनगटाला लाल धागा असलेला. तो मी. बाकीचा मी कापला गेलो. छापणाऱ्याकडे भांडायला गेलो तर तो म्हणतो, "भाऊ, तुम्हाले ठेवलं असतं तर लोकांना समजलं नसतं ना कोण गेलं ते."

जळलो. खरंच सांगतो, तिथे उभ्या उभ्या जळलो.

हे मी शाळेतल्या मराठीत लिहितोय. आधी आपल्या अहिराणीतच लिहायला घेतलं होतं, पण पहिल्याच ओळीला तुझा आवाज यायला लागला. मग पेन ठेवून दिला. शाळेच्या मराठीत तुझा आवाज येत नाही, असं मला वाटायचं. ते पण तू खोटं पाडलंस, ते पुढे सांगतो.

विजयचा विजळ कसा झाला ते बाकीच्यांना सांगावं लागेल. तू तेवढा वेळ कान बंद कर. आपल्या बोलीत ळ नाही. डोळ्याला आपण डोया म्हणतो, केळ्याला केयं, शाळेला शाया. पाचवीत नव्या बाई आल्या आणि त्यांनी वर्गाला बजावलं, य म्हणायचं नाही, ळ म्हणा. तू ते फारच मनावर घेतलंस. बाईंनी उभं केल्यावर तू दिसेल त्या य चा ळ करून मोकळा झालास. "माझे नाव विजळ. माझी माळ शेतात जाते. आमच्याकडे एक गाळ आहे. ती दूध देते." माय ची माळ झाली, गाय चा गाळ झाला. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि त्यांची पाठ हलायला लागली.

मधल्या सुट्टीत मी तेच तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. आख्खा वर्ग परत हसला आणि सगळ्यात जोरात तू. "परत कर ना रे टेप्या, परत कर." टेपसारखं जसंच्या तसं वाजवतो म्हणून टेप्या. माझं नाव तू ठेवलंस, तुझं मी. तेव्हापासून मी नकलाकार. हळदीला, गणपतीला, तळोद्याच्या शाळेच्या गॅदरिंगला, कुठेही जाऊ दे, 'विजळ' हा माझा शेवटचा आयटम. त्याच्यावर टाळ्या पडल्या नाहीत असं झालं नाही.

आता गच्चीवरच्या आपल्या दर शनिवारच्या पिझ्झ्याचं.

तू मोबाईलवर कुठल्या तरी बाईला ग्रीलवर पिझ्झा भाजताना बघितलंस आणि सरळ इम्रानच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलास. "इम्रान, एक ग्रील बनव." इम्रानच्या सात पिढ्यांनी एकच ग्रील बघितलंय, खिडकीचं. त्याने टेप काढून विचारलं, "नाप क्या है? डिझाइन मोर का चलेगा?" तुला वाटलं पिझ्झ्यात पण डिझाइन असतं. तू म्हणालास, चालेल. आठवड्याने तुमच्या गच्चीवर तीन फुटी खिडकीचं ग्रील आलं. मधोमध मोर, चारी कोपऱ्यांना भिंतीत ठोकायची भोकं. इम्रान घाम पुसत म्हणाला, "खिडकी किधर है?" रंग मारायचा राहिला होता हेच नशीब. तू दोन्हीकडे विटा रचल्यास, मधे बाभळीचा कोळसा ओतलास आणि ग्रील त्यावर आडवं घातलंस. इम्रान वाकून मोराकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "बोलता तो सही मेरे को. मोर नहीं डालता."

त्या दिवसापासून आपल्या प्रत्येक पिझ्झ्याच्या बुडाला मोराचं पीस उमटायला लागलं. आणि गल्लीतल्या पोरी खालून शूटिंग करायला लागल्या.

करणारच ना. तुझी माय मांडे करताना कणीक कशी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पातळ करते, ते तू उचललं होतंस. कोपरापर्यंत पीठ, कणकीचं वर्तुळ हातांवरून सरकतंय, मागे तळोद्याच्या बाजूला सूर्य उतरतोय. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून आमदारांची नक्कल करायचो. ऐकायला टाकी. मी एकदा म्हटलं, "मला पण दे झुलवायला." तू दिलंस. ती कणीक सरळ दानियलच्या डोक्यावर गेली. दानियल खांडबाऱ्याकडचा, आपल्याच शहाद्यात मास्तर, गरीब स्वभावाचा. कणकीखालून म्हणाला, "मला दिसत नाहीये, पण कोणी केलं ते कळलं." त्याच्या त्या एका वाक्यावर माझ्या आख्ख्या संध्याकाळपेक्षा जास्त हसले सगळे. मी त्याच्यावरही जळलो.

तो दानियल जेवणाआधी डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना करायचा. तेवढ्यात तू त्याचा तुकडा पळवायचास आणि सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणायचास. मी त्याच्या त्या प्रार्थनेची नक्कल बसवली, आवाज जसाच्या तसा, तर तूच म्हणालास, "ही नको करू." का नको, ते सांगितलं नाहीस. तुकडा पळवलेला चालतो आणि नक्कल चालत नाही, हा कुठला कायदा? हे भांडण अजून माझ्या बाजूने चालू आहे.

आणि ते भरताचं? त्याच कोळशात वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून भरीत करायचं आणि ते पिझ्झ्यावर घालायचं. एवढं डोकं तुझंच, मान्य. पण मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो की भरीत खाली आणि चीज वर. चीज वितळतं, भरताला धरून ठेवतं. तू म्हणायचास चीज खाली, भरीत वर, नाहीतर पोळी भिजते. एक बाजू भाजली की उलटायची, भाजलेल्या बाजूला चीज, मग भरीत, मग पातीचा कांदा आणि सगळ्यावर इम्रानचं घमेलं पालथं. मी म्हणायचो, "हा पिझ्झा नाही, भाकरी आहे." तू म्हणायचास, "मग दुसरा तुकडा कशाला घेतो?" शेवटच्या शनिवारी आपण यावर एवढे भांडलो की पिझ्झाच करपला. तू घमेलं उचललंस, धूर निघाला, आणि तू इम्रानला म्हणालास, "देख, हाऊ बी जयना." हा पण जळला. बोट माझ्याकडे. इम्रान टाकीला धरून हसला.

हेच, विजळ. हेच मला सहन व्हायचं नाही. मी आठवडाभर आयटम बसवायचो. श्वास कुठे घ्यायचा, मान कुठे वाकडी करायची, सगळं ठरवून यायचो. आणि तू ग्रीलवर वाकून नुसतं म्हणायचास, "काळ झालं रे याला? भाजत का नाही?" काय च्या जागी काळ. पंचविशी उलटली, कारखान्यात नोकरीला लागलास, तरी ते पाचवीतलं खूळ जात नव्हतं. लोक हसून हसून आडवे. मी तुझी नक्कल करायचो तेव्हा हसायचे, पण तू नुसतं तोंड उघडलंस तर त्याच्या दुप्पट. मला वाटायचं, साल्याला काही करावं लागत नाही. देवाने चूक पण याला केवढी गोड दिलीय.

तापात होतास तेव्हा मी फोन केला. दवाखान्यात आत सोडत नव्हते. मी घाबरलो होतो, पण घाबरलोय असं बोलता येत नाही मला, म्हणून डॉक्टरचा आवाज काढून म्हटलं, "पेशंटला काय झालंय?" पलीकडून तुझा खोल गेलेला आवाज आला. "काळ नाही, डॉक्टर. काळ नाही."

मी हसलो. किती हसलो रे मी. फोन ठेवून इम्रानला सांगितलं, चांगला आहे तो, अजून चुकतोय.

ते आपलं शेवटचं बोलणं.

आता ते सांगतो ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो.

तुमच्या दारात मंडप टाकला होता. दारावर बसायला लोक येत होते, आत बायका, बाहेर गडीमाणसं, कोणी काही बोलत नाही, नुसतं बसायचं आणि उठायचं. मी, इम्रान आणि दानियल एका सतरंजीवर. पुरुषोत्तमनगरहून तुझ्या कारखान्यातली माणसं आली. त्यातला सोनवणे नावाचा चष्मेवाला माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "विजयरावांसारखं शुद्ध बोलणारा माणूस आमच्या कारखान्याच्या कॉलनीत नाही. ळ म्हणजे असा खणखणीत!"

मी म्हटलं, "दादा, तुम्ही चुकीच्या दारावर आलात."

त्याला राग आला. मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. कॉलनीतला गणपती. स्टेजवर तू. पांढरा शर्ट, हातात माईक. "सर्व मंडळींना कळकळीची विनंती, लहान बाळांना सांभाळून वेळेवर जेवणाला यावे." कळकळ, मंडळी, बाळ, वेळ, सगळे ळ जागेवर. आणि य? य पण जागेवर. "आपल्या सहकार्यामुळेच हे कार्य यशस्वी झाले." एक चूक नाही! बाई असत्या तर उठून उभ्या राहिल्या असत्या.

एवढ्यात तू माईक दुसऱ्या हातात घेतलास. "आता माझ्या एका मित्राची नक्कल करून दाखवतो. तो फार मोठा नकलाकार आहे."

आणि तू मी झालास.

नक्कल सुरू करायच्या आधी मी नाकाने श्वास ओढतो, हे मला माहीत नव्हतं. एक वाक्य बोललो की कोण कोण हसलं ते डोळे फिरवून मोजतो, हेही माहीत नव्हतं. कोणी हसलं नाही तर खोकतो आणि म्हणतो, "चला, पुढचा आयटम." तू ते सगळं केलंस. माझी मान, माझा हात, बोलता बोलता पाय बदलून उभं राहायची खोड. कॉलनी हसून लोळत होती. मी माझ्याकडे बघत होतो आणि मला पण हसू येत होतं. आणि मग त्या तिथल्या मी ने, म्हणजे तू, विजळची नक्कल केली. "माझी माळ शेतात जाते." मी कशी करतो तशी. थोडं नाकात, थोडं जास्तच ताणून.

माझ्याजवळून इम्रान ओरडला, "अरे, ये तो तू है!" मंडपातली माणसं वळून बघायला लागली.

मी म्हटलं, "इम्रान, याला नीट बोलता यायचं?"

"हां, मतलब... आता था."

"तुला माहीत होतं?"

"सबको मालूम था. हमको लगता था तेरे को भी मालूम है." दानियल सतरंजीचा धागा ओढत होता. म्हणाला, "तो तुला हसवायला करायचा ना ते. मला वाटायचं तुमचं आपसात ठरलंय."

आपलं काही ठरलं नव्हतं, विजळ. पाचवीनंतर कधी तरी, कुठल्या तरी दिवशी तुझं बोलणं सुधारलं, आणि मला कळू दिलं नाहीस. मी तुझ्या चुकीची नक्कल करत होतो असं मला वाटायचं, आणि तू एवढी वर्षं चुकायची नक्कल करत होतास. माझ्याहून चांगली. कधी सापडला नाहीस. कारखान्याच्या गणपतीला मला कधी नेलं नाहीस, "तिकडे बोअर असतं रे" म्हणायचास. बोअर! कॉलनी लोळत होती तिकडे.

आणि तो फोन. काळ नाही, डॉक्टर. अंगात एवढा ताप, बोलायला दम नाही, आणि तुला माझ्यासाठी चुकायचं लक्षात होतं.

हे सगळं एका वेळी डोक्यात आलं. दुसरा कोणी असता तर रडला असता. मी पेटलो. आपल्याकडे काय असतं रे? तुझ्याकडे कणीक होती, नोकरी होती, गच्ची होती, खालून बघणाऱ्या पोरी होत्या. माझ्याकडे एवढा एक आवाज. आणि त्यातही तूच वरचढ? ते पण मला कळू न देता? मला हसत होतास की माझ्याबरोबर हसत होतास, हे विचारायला आता कोणाला पकडू?

मी उठलो. इम्रानने शर्टाचं टोक धरलं, ते सुटलं. भरल्या मंडपात, आत तुझ्या मावश्या रडतायत, सोनवणेचा मोबाईल अजून चालू आहे, आणि मी तुझा आवाज काढला. "माझे नाव विजळ. काळ झालं रे सगळ्यांना? माझी माळ कुठे आहे?"

कोणी हसलं नाही. मी डोळे फिरवून बघितलं, मग लक्षात आलं की बघतोय. खोकला आला तो गिळला. आतलं रडणं पण थांबलं होतं. तेवढ्या शांततेत उंबऱ्यात तुझी माय येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरकलेला, डोळे सुजलेले.

"टेप्या," ती म्हणाली, "घरमा चाल."

मी मागे मागे स्वयंपाकघरात गेलो. तिने दार लोटलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. मीच गाल पुढे केला.

"शरम शे का तुले? दारवर लोके बठेल शेतस, अन तू तमाशा मांडा?"

"माय, त्याने मला फसवलं. त्याला सगळं बोलता यायचं."

"मंग? मले काय सांगस? मन्हाच पोऱ्या व्हता ना? दर शनवारले आंघोई करता करता पाठ करे. काळ, माळ, गाळ. मी म्हनं, काय रे, येडा व्हयना का? तं म्हने, माय, मी नीट बोलनू तं टेप्याना आयटम बंद पडी जाई."

मी खाली बघायला लागलो. तिने माझी हनुवटी धरून वर केली. हाताला पीठ नव्हतं, नुसतं पाणी.

"वर देख. आते तठे जे करं ना तू, ते काय व्हतं? तो असा बोले का? नाकमा बोले का मन्हा पोऱ्या? मोठा नकलाकार म्हनी फिरस. तो तुन्हा आवाज काढे ना, दारमा उभा राहीसन, 'माय वं, भूक लागनी', तं मी कितला येळा फसनू. चुल्हावर चहा मांडा अन भाहेर ईसन देखं, तं हाऊच दात काढी ऱ्हायंता. अन तू? इतला वरीस त्यानासंगे राहीसन तुले एक आवाज काढता येत नही?"

"माय..."

"माय माय करू नको. तोंड धव अन भाहेर जाईसन बठ गुपचूप. अन आयक. येत नही तं त्यानी नक्कल करू नको. करनीच व्हई तं अशी कर, का मी घरमाईन आयकीसन चहा मांडाले पाहिजे."